वरच्या उजव्या कोपऱ्यात

सत्त्याण्णव साली गटारी रविवारी आली, त्यामुळे आमच्या गावात जे झालं त्याचा निम्मा दोष पंचांगाकडे जातो. एरवी गटारीला निम्मे पुरुष कामावर असतात, कोणी पेणला, कोणी रोह्याला शिफ्टमध्ये. रविवारी सगळे घरी. सकाळी अकराला मटण चुलीवर चढलं आणि संध्याकाळपर्यंत गावात सरळ चालणारे फक्त बैल उरले.

गावाचं नाव उंबरखार. पेणहून निघून खाडीकडे वळलात आणि रस्ता संपला तरी चालत राहिलात की लागतं. उंबराचं झाड एकही नाही. खार मात्र भरपूर. खार म्हणजे खाडीकडून हिसकावून घेतलेली जमीन. मातीचा लांबलचक बांध घालायचा, खारं पाणी बाहेर ठेवायचं आणि आत भात लावायचा. खाडीला हे कधीच मान्य झालेलं नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आलं की ती बांधापर्यंत येते आणि कुठे फट आहे का ते चाचपून जाते.

म्हणून उधाणाच्या रात्री दोन माणसांनी कंदील घेऊन बांधावर फेरी मारायची असते. चिंबोरीनं, म्हणजे खेकड्यानं, पाडलेलं भोक दिसलं की तिथल्या तिथे चिखलानं बुजवायचं. गटारीच्या रात्री ही पाळी पोपटकाका आणि विठूकाकांची होती. ते दोघं घरातून निघाले होते, हे त्यांनी नंतर शपथेवर सांगितलं. कुठे जायला निघालो होतो तेवढं मात्र त्यांना आठवत नव्हतं.

मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. नाव महिपती. महिपती म्हणजे पृथ्वीचा राजा. आजोबांचं नाव मला दिलं होतं, आणि ते नाव धारण करून मी हायवेवर उभा राहिलो तर मला साध्या टमटमला हात करता यायचा नाही. हात वर व्हायचा, पण टमटम गेल्यावर.

मला येत होती एकच गोष्ट. आदल्या दिवाळीला बाबांनी रोह्याच्या बाजारातून ब्रिक गेम आणला होता. डब्यावर लिहिलं होतं, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ. मी मोजले, आठ होते. त्यातला एक मी खेळायचो. वरून वेगवेगळ्या आकारांचे तुकडे पडतात, ते फिरवून फटीत बसवायचे. आडवी ओळ पूर्ण भरली की गायब. ओळी भरल्या नाहीत तर ढीग वर चढत जातो, आणि छताला लागला की संपलं. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन असतो. त्यात पुढचा तुकडा कुठला ते आधीच दिसतं.

मे महिन्यात माझे नव्व्याण्णव हजार नऊशे गुण झाले. त्यापुढचा आकडा मावायला त्या डब्यात जागा नव्हती. गेमनं 'टीं' असा एक आवाज केला, थांबला, आणि तो चौकोन गेममधून निघून माझ्या डोळ्यांत येऊन बसला.

मी गेममधले सेल काढले. चौकोन गेला नाही. तोंड धुतलं, झोपून उठलो, आमच्या कुलदेवीला नारळ दिला. चौकोन तिथंच, वर उजवीकडे, आणि त्यात काळ्या ठिपक्यांनी बनलेलं एक चित्र. मी जिकडे बघेन तिकडे माझ्यापुढे आता काय येणार ते त्यात एक श्वास आधी दिसायचं. पेणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी अक्षरांचा तक्ता उघडायच्या आत मी पहिली ओळ वाचून दाखवली. त्यांनी नजर उत्तम असल्याचं लिहून दिलं.

गावातल्या प्रत्येक माणसाचा त्यात आकार ठरलेला होता. पुतळीआत्या म्हणजे पक्का चौकोन. मला 'गेम' म्हणणारा प्रविण, जो दोनदा नापास होऊन माझ्याच वर्गात होता आणि त्याचा त्याला अभिमान होता, तो म्हणजे उभा लांब तुकडा, मान पुढे काढायची सवय म्हणून वर एक ठिपका बाजूला.

तुम्हाला वाटेल, पुढचं दिसणारा माणूस बोलण्यात तरबेज होईल. मलाही वाटलं होतं. पुतळीआत्या दारात आली, चौकोनात पेला दिसला, मी म्हणालो, "नको."

आत्या म्हणाली, "मी अजून इचारलं नाय."

"तरी नको."

"अरे मी पाणी मागाया आलंय, माझ्या घरचा हंडा रिकामा हाय!"

शाळेत सरांनी खडू फेकायच्या आधी मी खाली वाकलो. सर म्हणाले, "मी अजून फेकलाच नाही." म्हणून मी सरळ झालो. मग त्यांनी फेकला.

जूनपासून मी दिवसाला साधारण अकरा शब्द बोलायचो. त्यातले चार 'नको' असत.

तर सोमवारी सकाळी, श्रावणाच्या पहिल्याच दिवशी, सात वाजता, वाळूदादा गावात आला. वाळू कातकरी. गावाबाहेरच्या वाडीत राहायचा, बांधाच्या कडेनं चिंबोऱ्या धरायचा आणि पेणच्या बाजारात विकायचा. तो पुंडलिक नानांच्या अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "नाना, बांध फुटलाय."

नाना खाटेवर पालथे होते. तोंड न उचलता म्हणाले, "तुझी पण गटारी झाली वाटतं."

"मी पीत नाय. बारा हात खांड पडलीय."

नाना उठून बसले. मग बसल्याबद्दल त्यांना पश्चात्ताप झाला, पण बसले.

आमच्याकडे बांध सरकारचा नाही, जोळाचा आहे. खारीत ज्यांची ज्यांची जमीन आहे ती सगळी घरं मिळून जोळ, आणि पुंडलिक नाना त्याचे म्होरके. बांध फुटला की दर उंबऱ्यामागे एक माणूस गेलाच पाहिजे, लग्नघर असो नाहीतर सुतकाचं घर. थाळी वाजली. खांड, म्हणजे बांधातलं भगदाड, रात्रीच्या उधाणात पडली होती आणि आत आलेलं पाणी अजून खालच्या शेतांतच होतं. पण पावसाळ्यात दिवसाचं उधाण रात्रीपेक्षा मोठं असतं. दुपारी एकला पाणी पूर्ण भरणार होतं. तोवर खांड बुजली नाही तर अख्खी खार खाऱ्या पाण्याखाली, लावणी झालेलं सगळं भात मेलं, आणि मीठ धुऊन जायला पुढची तीन वर्षं. आमच्या घरात वर्षाचा तांदूळ त्या खारीतूनच यायचा.

बाबा रोह्याला कंपनीत डबल ड्यूटीवर होते. गावात फोन एकच, किराणा दुकानात, आणि पावसाळ्यात तो फक्त वाजायचा. आईच्या अंगात ताप होता. ती गोधडीतून म्हणाली, "आपल्या उंबऱ्याचा तू जा."

मी म्हणालो, "मी?"

"नाय, तुझा तो डबा जाऊ दे. पोरा, निघ!"

बांधावर चाळीसेक माणसं जमली होती. चेहरे बघून वाटलं असतं की हे लोक बुडून वर काढलेत. एका डोळ्यावर हात धरून नाना हजेरी घेत होते. माझ्यापाशी थांबले.

"कुणाच्या उंबऱ्याचा?"

मला उत्तर येत होतं. मी ते तोंडापर्यंत आणलंही होतं.

"हिराजीकाकांचा," शेजारून आवाज आला. "बोलत नाय तो, नाना."

ही भूमिका, पोपटकाकांची मुलगी, माझ्याच वयाची. तिचा बाप अजून उठला नव्हता, म्हणून तीच फावडं घेऊन आली होती. बांध कोणाच्या पाळीत फुटला ते सगळ्यांना माहीत होतं. तिच्याकडे कोणी सरळ बघत नव्हतं, आणि ती प्रत्येकाकडे सरळ बघत होती.

"अठराच्या खालचा अर्धा धरायचा," नाना म्हणाले. "हा अर्धा. तू अर्धी गो. दोघं मिळून एक. एका जाग्यावर उभं राहा."

अशा रीतीनं मी आणि भूमिका मिळून एक माणूस झालो. त्या माणसाचं तोंड संपूर्ण तिच्याकडे होतं. वाळूदादाला नानांनी मोजलंच नाही, कारण त्याला खारीत जमीन नव्हती. तो कधीचा खांडीत छातीभर चिखलात उतरून खुंट ठोकत होता.

काम असं चालतं. खांडीत बांबूचे खुंट ठोकायचे, त्यांना पेंढा आणि फांद्या लावायच्या. मग बाजूच्या चिखलातून फावड्यानं चिकट मातीचे मोठाले गोळे कापायचे आणि रांगेतून हातोहात पुढे द्यायचे. शेवटचा माणूस ते खांडीत टाकतो. नुसतं टाकतो. गोळा जसा पडेल तसा.

रांगेत आम्ही दोघं शेवटून दुसरे होतो, शेवटी प्रविण. पहिला तास बरा गेला. नऊच्या सुमाराला खांडीतला पहिला थर या टोकापासून त्या टोकापर्यंत भरला. एकही फट नाही. मी हात खाली सोडले आणि वाट बघत उभा राहिलो.

"काय झालं?" भूमिका म्हणाली.

मी थर गायब व्हायची वाट बघत होतो. सात महिन्यांची सवय. खेळात भरलेली ओळ गायब होते म्हणून आनंद असतो. इथे ती गायब झाली असती तर गाव गायब. हे तिला समजावून सांगायला साधारण तीस शब्द लागले असते, म्हणून मी पुढचा गोळा उचलला.

पण त्या उभं राहण्यात मला एक गोष्ट दिसली. वरचे गोळे वेडेवाकडे पडत होते. त्यांच्यामध्ये पोकळ्या राहत होत्या. साडेदहाला भरतीचं पाणी खुंटांना लागलं आणि त्या पोकळ्यांतून आत शिरून गोळे आतून चाटायला लागलं. खाली वाळूदादा ओरडला, "वरनं टाकून काय उपेग? आतनं पोकळ हाय!" त्याला जोळात मोजलं नव्हतं, त्यामुळे ते कोणी ऐकलं नाही. दहा मिनिटांत मधला हातभर भाग धसकन खाली बसला आणि दोन तासांचं काम खाडीत गेलं.

कोणीतरी म्हणालं, "गेलं." कोणीतरी खाली बसलं. नानांनी डोळ्यावरचा हात काढून दोन्ही डोळ्यांनी बघितलं आणि परत एका डोळ्यावर ठेवला.

माझ्या चौकोनात तेव्हा एक लांब तुकडा होता. पुढचा गोळा. तो अजून चार माणसं मागे होता, माझ्या हातात यायचा होता, आणि तो कुठे बसेल ते मला आत्ताच स्वच्छ दिसत होतं. त्याच्यानंतरचा अर्थातच दिसत नव्हता. पण एक दिसला तर एक बसतो. नव्व्याण्णव हजार नऊशे गुण मी असे एकेकानंच केले होते.

अडचण एवढीच की ते सांगावं लागणार होतं, तेही चाळीस माणसांना.

मी भूमिकाच्या कानाशी पुटपुटलो, "लांब येतोय. आडवा. डावीकडच्या खुंटाला चिकटून."

तिनं माझ्याकडे बघितलं. का, कसं, काही विचारलं नाही. वळली आणि ओरडली, "ए प्रविण! टाकू नको, ठेव! आडवा, डाव्या खुंटाला चिकटून!"

प्रविण म्हणाला, "तू कोण सांगणारी गो?"

"ज्याच्यामुळं बांध फुटला त्याची पोरगी! आता ठेव!"

प्रविणनं ठेवला. बसला. चौकोनात पुढचा आला, आकडीसारखा.

"आकडी वर करून, उजव्या भोकात," मी पुटपुटलो.

"आकडी वर! उजव्या भोकात!" भूमिका ओरडली.

मग आम्ही थांबलो नाही. जाडा, लांब, आखूड, वाकडा. मी कुजबुजायचो, ती ओरडायची, प्रविण ठेवायचा, खाली वाळूदादा पायानं दाबून पक्का करायचा. कापणाऱ्यांना कळलं की हे काहीतरी जमतंय, तेव्हा फावडी जोरात चालायला लागली. पेंढा संपला तसे पुतळीआत्या आणि बायका घरांवरचं गवत काढून घेऊन आल्या. पाणी चढत होतं, आम्हीही चढत होतो. अर्धा तास असा गेला आणि आम्ही पाण्याच्या एक हात वर होतो.

सव्वाअकराला तिचा आवाज बसला. तिनं तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या, आणि आतून फक्त वारा आला. तिनं परत प्रयत्न केला. मग माझ्याकडे वळून दोन्ही हातांनी माझे खांदे धरले, मला रांगेकडे फिरवलं आणि पाठीत एक धपाटा घातला.

चौकोनात जाडा गोळा होता, खांडीत त्याला बरोब्बर बसेल अशी जागा होती, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं.

"आडवा!"

निम्मा शब्द माणसाच्या आवाजात निघाला आणि निम्मा बकरीच्या.

प्रविण म्हणाला, "आयला, गेमला कंठ फुटला!"

चाळीस माणसं हसली. नानासुद्धा हसले, आणि डोकं धरून बसले. त्या हसण्यात दोन गोळे हातातून निसटून पाण्यात गेले. मला वाटलं, बास, मी घरी जातो. मग ते दोन गोळे वाहताना दिसले. ते आमच्या शेताच्या बाजूला वाहत चालले होते.

"आडवा!" मी परत ओरडलो. परत बकरी. "हसून घ्या, पण हात चालवा! प्रविण, आडवा, मध्ये! वाळूदादा, पाय दे! मागचे, जाडे कापा, आखूड नको! इठूकाका, तुम्ही बसू नका, तुमच्याच पाळीत फुटलाय हा!"

विठूकाका उठले. माझ्या आयुष्यात माझ्या शब्दावर हललेला तो पहिला माणूस. त्या एका मिनिटात मी दोन दिवसांचे शब्द संपवले होते. ते परत भरतात हे मला तेव्हा कळलं.

बारा वाजता गोष्ट बिघडली. पाणी वाढतच होतं, पण बांध दिसायला चांगला होता. आणि माझा चौकोन भरायला लागला. खालून वर, एकेक ठिपका, काळा, काळा, काळा, शेवटच्या ओळीपर्यंत. पुढचा तुकडा नाही, काही नाही. नुसता गच्च काळा.

ते चित्र मला पाठ होतं. ते 'संपलं'चं चित्र. ते आल्यावर पुढे काही येत नाही.

त्याच वेळी खाली वाळूदादा म्हणाला, "आतल्या अंगाला पाणी फुटतंय. माती नरम झाली. आता ढकलंल."

मी हातातला गोळा घेऊन उभा होतो. सात महिने मी हा खेळ खेळलो आणि त्याची एक खोड मला माहीत होती. तो जिंकता येत नाही. कितीही चांगलं खेळा, तुकडे जोरात पडत जातात आणि शेवटी छत येतंच. माणूस करतो काय, तर लांबवतो. मी जगातला बऱ्यापैकी लांबवणारा होतो, एवढंच.

"वाळूदादा," मी विचारलं, "पाणी वळणार कधी?"

त्यानं खारफुटीच्या झाडाकडे बघितलं, मुळं कुठवर बुडाली ते. "अजून तासभर चढंल. मग उभं राहील. मग जाईल."

"जाईलच?"

"जाईल नायतर काय, हितं राहाया येतंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ब्रिक गेमला ओहोटी माहीत नव्हती. कशी असणार? तो कुठल्या तरी कोरड्या कारखान्यात बनला होता. त्याच्या हिशेबानं जे वर चढतं ते चढतच राहतं. इथे मात्र फक्त एक तास लांबवायचं होतं, आणि लांबवणं एवढंच मला येत होतं. मी त्या काळ्या चौकोनाकडे पाठ केली. तो डोळ्यातच असल्यामुळे हे तितकंसं शक्य नव्हतं, पण केली.

"माती बास!" मी ओरडलो. या वेळी बकरी निम्म्यावर आली होती. "सगळे खाली उतरा! आतल्या अंगानं पाठ लावून बसायचं! माणसांची भिंत!"

कोणी हललं नाही. नाना म्हणाले, "पोरा, बांध आला तर सगळी दबतील."

"नाना, नुसते बसलात तर तीन वर्षं बसावं लागंल. उतरा. तुम्ही मध्ये."

"मी?"

"तुम्ही रुंद आहात."

हे त्यांना कोणी आजवर सांगितलं नव्हतं. ते उतरले. म्होरक्या उतरल्यावर बाकीच्यांची पंचाईत झाली, आणि ते उतरायला लागले. पण भीतीमुळे सगळे कडेला, घट्ट मातीपाशी गर्दी करून बसले आणि मध्ये फटी राहिल्या. माझा चौकोन काळाच होता, तो काही सांगणार नव्हता. पण ही सगळी माणसं मी तीन महिने ठिपक्यांत बघत होतो. कोण केवढा, कुठे वाकतो, कुणाचा कुठला खांदा वर असतो, हे मला त्यांच्या बायकांपेक्षा जास्त पाठ होतं.

"इठूकाका, नानांच्या डावीकडं, खांदा खाली करा! पुतळीआत्या, तू त्या खुंटाशी, तू एकटी दोघांची जागा भरतेस!"

"घरी ये तू, मग सांगतंय!" आत्या म्हणाली, आणि जाऊन बसली. ती जागा गच्च भरली.

"प्रविण, तू वरच्या ओळीत आडवा हो!"

"आडवा म्हंजी?"

"आडवा म्हंजी झोप! नानांच्या आणि इठूकाकांच्या खांद्यावर!"

"येडा झाला काय तू?"

"तुझ्यासारखा लांब दुसरा नाय आपल्याकडं!"

प्रविण गावातल्या दोन प्रतिष्ठित माणसांच्या खांद्यांवर आडवा झाला. नाना म्हणाले, "हलू नको रं, मला उलटी येतेय." प्रविण अजिबात हलला नाही.

वाळूदादानं खाली बुडी मारून पायाजवळचं भोक शोधलं, वर येऊन म्हणाला, "हितं पाठ पायजे," आणि कोणाची वाट न बघता स्वतःचीच लावली. पाणी त्याच्या हनुवटीपर्यंत होतं. शेवटी एक फट राहिली, दोन माणसांएवढी. आम्ही दोघंच उरलो होतो. भूमिकानं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि आम्ही उतरून त्या फटीत बसलो. पाठीला थंड चिखल लागला. त्याच्या पलीकडे अख्खी खाडी होती आणि ती ढकलत होती. म्हशीनं गोठ्याच्या भिंतीला अंग घासावं तसं. ओळ भरली होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा भरलेली ओळ गायब होऊ नये म्हणून ओठ दातांखाली दाबून बसलो होतो.

तासाभरात बरंच काही झालं. डोक्यावरून पाण्याचा एक पदर आत आला आणि सगळ्यांच्या तोंडात मीठ गेलं. नानांना खरंच उलटी झाली, आणि त्यांच्या पुढे बसलेल्या माणसानं हलण्याऐवजी फक्त "अरे देवा" म्हटलं. पोपटकाका शेवटी जागे होऊन धावत बांधावर आले, हे दृश्य त्यांनी बघितलं आणि हे आपल्याला दारूमुळे दिसतंय असं समजून परत निघाले. भूमिकाला हाक मारता येत नव्हती. तिनं हात जोरात हलवला.

"पोपटकाका!" मी ओरडलो. बकरी आता पूर्ण गेली होती. "खरं हाय हे! उतरा! वाळूदादाच्या शेजारी!"

ते उतरले. मुलीच्या जवळून जाताना थांबले, आणि मग गळ्याएवढ्या पाण्यात जाऊन बसले. आवाज नसलेल्या भूमिकानं डोळे मिटून मान हलवली. ते त्यांना पाठीमागून दिसलं नाही.

"मी ओरडतो तसे सगळ्यांनी पाठ मागे रेटायची," मी म्हणालो. "एक. दोन. रेटा!"

"अजून किती रं?" विठूकाका कण्हले.

"माहीत नाय. एक. दोन. रेटा!"

खरंच माहीत नव्हतं. चौकोनाकडे मी बघितलं नाही, तो होता की नव्हता तेही सांगता येणार नाही. मी फक्त मोजत होतो आणि ओरडत होतो. चाळीस पाठी, कधी एकदम, कधी पुढेमागे. चारशे बाराव्या वेळेला वाळूदादा शांतपणे म्हणाला, "उभं राहिलं."

तरी आम्ही आणखी शंभर वेळा रेटलं. मग पाणी त्याच्या हनुवटीवरून गळ्यापाशी आलं, गळ्यावरून छातीवर. पुंडलिक नानांनी तेवढ्यात हिशेब सांगितला, की पाणी पूर्ण उतरलं तरी रात्री एकला परत भरणार, म्हणून तेवढ्या वेळात कच्चा भराव पक्का करायचा आणि दुप्पट रुंद. मग ते चिखलात आडवे झाले आणि म्हणाले, "आता मला कोणी उठवू नका. पोराला इचारा."

तीन वाजता आम्ही परत रांग लावली. वाळूदादा आता चिखलातून वर आला होता आणि फावडी कुठे मारायची ते सांगत होता, आणि सगळे ऐकत होते. मी बांधावर उभा राहिलो. रांगेतून पहिला गोळा पुढे आला. प्रविणनं तो हातात धरला, आणि खांद्यावर झोपल्याचे वळ अंगावर असलेला तो प्रविण माझ्याकडे बघायला लागला.

"बोल. कुठं?"

उजवीकडे वर काही नव्हतं. ढग होते. मी खाली वाकून नुसता तो गोळा बघितला, मग भोक बघितलं. गोळा जरा एका बाजूला जाड होता.

"डावीकडं. जाड बाजू खाली."

त्यानं ठेवला. कडेला बोटभर फट राहिली.

"नाय बसला," तो म्हणाला.

"उचल. फिरवून ठेव."

"हात गेले रं माझे."

"माझा पण घसा गेला. उचल."

त्यानं उचलला.